क्लच सोडला, गाडी हलंना

भूत, भानामती असलं मी कधी मानलं न्हाय. कुणी सांगाय लागलं की उठून जायचो. चौथी शिकलेला माणूस हाय, लिहिताना चुकलं तर समजून घ्या... पण झालं ते असं.

इंदापूर तालुक्यात शेळगावला माझी चाळीस वर्षं जुनी फटफटी हाय. तिच्या क्लचच्या प्लेटा ज्या डब्यात बसतात, त्याला खाचा पडल्या व्हत्या. प्लेटा तितं अडकायच्या अन् मग एकदम सुटायच्या, गाडीला धक्का बसायचा. शालन, माझी मंडळी, सारखी म्हणायची, आधी तेवढी दुरुस्त करा. मी म्हणायचो, ऊस गेला की बघू. ऊस दोनदा गेला.

मागल्या थंडीत इंदापूरच्या बाजारात शालन मागं बसत व्हती, एक पाय अजून खाली. मी न बघताच क्लच सोडला. गाडीनं उडी मारली, ती पडली. खुबा मोडला. बारामतीच्या दवाखान्यात महिनाभर पडून राहिली अन् गेली. पोराला, दत्ताला, मी सांगितलं — तिला चक्कर आली. शालननं मला खोटं पाडलं न्हाय.

तेरावं झाल्यावर बारामतीच्या रफिक मिस्त्रीला घरी बोलावलं. दोघांनी क्लच खोलला. खाचा कानशीनं घासून सपाट केल्या, नव्या प्लेटा तेलात भिजवून बसवल्या, स्प्रिंगा सारख्या आवळल्या. रफिकनं अंगणात फेरी मारली. म्हणाला, "आबा, लोणी झालंय."

मी बसलो. पहिला गिअर टाकून क्लच पुरा सोडला... गाडी हलंना. इंजिन चालू, बंदबी पडंना. रफिक बसला की निघायची, मी बसलो की जागच्या जागी. तीनदा असं. रफिकनं केबल तपासली, ती बरोबर. हसून म्हणाला, "तुमच्यावर रुसलीय." मला हसू आलं न्हाय.

चौथ्या खेपेला, का कुणास ठाऊक, मी मान वळवून मागच्या सीटकडं बघितलं. रिकामीच व्हती. तरी बघत राहिलो. तवा गाडी आपसूक निघाली — अगदी हळू, धक्का न्हाय. माझी बोटं लिव्हरवर नव्हतीच.

तशीच बारामतीला दत्ताच्या दारात नेली. उभ्या उभ्याच सांगितलं, चक्कर न्हवती, मी न बघता क्लच सोडला.

"आईनं मला दवाखान्यातच सांगितलं व्हतं, आबा," दत्ता म्हणाला. "म्हणाली, तुझा बाप आपणहून सांगंल. तवर इचारू नको."

त्यानंतर गाडी कधी अडली न्हाय. रफिक म्हणतो, नव्या प्लेटा तेलानं घसरल्या असतील. असतील. मग त्याला कशी घेऊन गेली? हे काय व्हतं ते मला अजून कळलं न्हाय. कुणाला कळलं तर सांगा... न्हाय कळलं तरी चालंल.