स्टील गिटारला काम नसलेली गाणी

रविवारी दुपारी चारच्या सुमारास या बेटशहराच्या ईस्ट कोस्ट किनाऱ्यावरचं ऊन किंचित कलंडतं, समुद्रावरून खारट, दमट वारा येऊ लागतो आणि त्यात खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमधल्या निखाऱ्यांवर काड्यांना टोचून भाजल्या जाणाऱ्या साटे मांसाचा गोडसर धूर मिसळतो. नव्या शतकाची पहिली सहा-सात वर्षं माझ्या रविवारांना हाच गंध होता. डेस्मंडच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच जण जमायचो आणि अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून आलेलं कंट्री संगीत वाजवायचो. मी पुण्याचा, नोकरीसाठी इथे आलेला, तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनियर. डेस्मंड इथलाच, युरोपी-आशियाई मिश्र रक्ताचा युरेशियन, सत्तरी ओलांडलेला, पण गळ्यात गिटार अडकवली की पन्नाशीचा दिसणारा. आमच्यापैकी एकानेही अमेरिका पाहिलेली नव्हती आणि त्याचं कुणाला फारसं दुःखही नव्हतं.

माझं वाद्य स्टील गिटार. शाळकरी वयात पुण्यात मला हवाईयन गिटारच्या क्लासला घातलं होतं. वाद्य मांडीवर आडवं घ्यायचं, तारांवरून पोलादाचा गुळगुळीत बार फिरवायचा आणि भावगीतं वाजवून आलेल्या पाहुण्यांना छळायचं. या वाद्यात बोटं पडद्यांवर टेकवायची नसतात; सूर नेमका कुठे आहे हे केवळ कान सांगतो. डेस्मंडचा जुना स्टील गिटारवादक मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघून गेला, तेव्हा ओळखीओळखीतून मी तिथे पोहोचलो आणि पहिल्याच गाण्यात सवयीने एक लांब मींड घेतली. डेस्मंडने गाणं थांबवलं, डोळे मिटले आणि तीच जागा मला पुन्हा वाजवायला लावली. या शहरात राहण्याचा पास मला यार्डाने मिळवून दिला होता; इथे आपली म्हणावी अशी जागा मात्र त्या दुपारी मिळाली. माझ्या घरून, चोआ चू कांगहून, ईस्ट कोस्ट म्हणजे बेटाचं एक टोक ते जवळजवळ दुसरं टोक, पण आठवडाभर मी त्या प्रवासाचीच वाट बघत असे.

डेस्मंडचा एक शिरस्ता होता. गाणी काळाच्या क्रमानेच वाजवायची, आणि दोन गाण्यांच्या मधे त्याचं निरूपण. महायुद्ध संपल्यावर गावं सोडून शहरांत, कारखान्यांत आलेली माणसं संध्याकाळी गुत्त्यांत बसत, त्यांच्या कलकलाटातून वर उठावा म्हणून फिडल, म्हणजे गावाकडचं व्हायोलिन, आणि स्टील गिटार यांचा तो धारदार, रडवेला स्वर कसा घडत गेला. लहानपणी इथल्या नौदल तळाच्या कुंपणापाशी उभं राहून, गोऱ्या खलाशांच्या रेडिओवर तो त्याने कसा ऐकला. पुढे शहरी घरांतल्या सुसंस्कृत दिवाणखान्यांना तो स्वर गावंढळ वाटू लागला तेव्हा व्हायोलिनचे ताफे आणि मऊ कोरस आणून त्याला कसं बाहेर बसवलं गेलं. आणि सत्तरच्या दशकात केस वाढवलेल्या चार हट्टी माणसांनी त्याला पुन्हा आत कसं आणलं. नंतर आलेल्या स्टेडियमभर ढोल बडवणाऱ्या गाण्यांना तो हिशेबातच धरत नसे. हे आख्यान आम्हाला तोंडपाठ होतं, तरी आम्ही ते भक्तिभावाने ऐकायचो.

पुढे पुढे आमची गाडी त्या मऊ कोरसांच्या काळातच रेंगाळू लागली. दर रविवारी डेस्मंड म्हणायचा, आज जरा गुळगुळीत गाणी घेऊ. त्या गाण्यांत स्टील गिटारला काम नसतं. मी वाद्य मांडीवर घेऊन श्रोता होऊन बसे, ताल धरे, वाटलंच तर शेवटी एखादा सूर लावे. म्हाताऱ्याला अलीकडे गोड आवडू लागलंय, असं बायकोला घरी येऊन हसत सांगत असे.

एका शनिवारी घरी मी जुन्या काळातलं एक गाणं घोटत होतो. मुलगी चौदा वर्षांची, शाळेत व्हायोलिन शिकणारी. दारातून जाता जाता ती म्हणाली, "बाबा, दॅट वन फ्लॅट, लाह." म्हणजे सूर उतरलाय.

मी हसलो. ती शांतपणे स्वतःचा सूर मोजायचा ट्यूनर घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवला. मी अगदी जपून सूर लावला. कानाला तो शुद्ध, तृप्त, बरोबर वाटला. काटा मध्यापासून बराच डावीकडे थांबला होता. मी बार सरकवत काटा मध्यावर आणला, तेव्हा मला ऐकू आला तो सूर मला बेसूर वाटला.  पोर माझ्याशेजारी जमिनीवर बसून राहिली.

वीस वर्षं यार्डातल्या इंजिनांजवळ, कानांवरची संरक्षक कवचं उकडतात म्हणून गळ्यात लटकवून मी हिंडलो होतो. कानाच्या डॉक्टरांनी माझ्या ऐकण्याचा आलेख दाखवला. झिजलेली नस भरून येत नाही, म्हणाले. कानात घालायच्या यंत्राने आवाज मोठा होईल, खरा होईलच असं नाही.

पुढच्या रविवारी मी बाकीच्यांच्या आधी पोहोचलो आणि डेस्मंडला सरळ विचारलं, माझा सूर केव्हापासून उतरतोय? तो गिटारच्या तारा पुसत होता. पुसत राहिला.

"टू इयर्स ऑलरेडी," तो म्हणाला. "यू सो हॅपी. हाउ टु से?"

साऱ्या इतिहासात माझ्या वाद्याला काम नसलेला एवढाच एक काळ होता, आणि दोन वर्षं त्याने मला अलगद तिथे नेऊन बसवलं होतं. मला राग यायला हवा होता. आला तो भयंकर एकटेपणा. चौघांनी मिळून माझ्यासाठी आपली आवडती गाणी सोडली होती आणि मी मात्र त्यांच्या रुचीची टिंगल करत होतो.

बाकीचे आले. डेस्मंडने सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि जाहीर केलं की आज सत्तरचं दशक. मला नाही म्हणायचं होतं, पण मी वाद्य मांडीवर घेतलं. गाणं सुरू झालं, माझ्या चार ओळी आल्या आणि मी त्या वाजवल्या. एकही सूर मला उणा वाटला नाही. इतकं नेमकं, इतकं आर्त आपण कित्येक महिन्यांत वाजवलं नव्हतं, असंच वाटलं. मान वर केली तर चौघेही आपापल्या वाद्यांकडे बघत होते. माझी चूक मला यापुढे ऐकू येणार नव्हती. दिसली तर ती इतरांच्या चेहऱ्यांवरच दिसणार होती, आणि ही माणसं इतकी भली की तिथेही ती दिसू देणार नव्हती.