जोंधळे सर, चपला काढून बसा

आदरणीय भास्करराव जोंधळे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात झाडू होता. परभणीत एका दुकानाच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. पोरं यायच्या आत झाडून-पुसून द्यायचं, एवढंच माझं काम. तिसऱ्या का चौथ्या दिवशी सरांनी आपला मोबाइल माझ्यापुढं धरला.

"सुमनबाई, जरा हा खेळ खेळून बघा."

"मला कामं हायेत, सर."

"दोनच मिनिटं."

मी बोट लावलं. पडद्यावर एक चाक नुसतं गरागरा फिरायला लागलं. थोडा वेळ बघितलं आणि मोबाइल टेबलावर ठेवून दिला. "हे काय, सुरूच होईना! माणसानं वाट तरी किती बघावी? तेवढ्यात माझी एक खोली झाडून होतीय."

दुसरा कुणी असता तर रागावला असता. सरांनी खिशातली वही काढली आणि मी बोलले ते जसंच्या तसं लिहून घेतलं. वर विचारलं, "आणखी काय पटलं न्हाई?" माझं बोलणं ऐकून घेणारे मला नवीन नव्हते, घरी सगळ्यांना ऐकावंच लागतं. पण लिहून घेणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सर तेव्हा क्लास चालवता चालवता मोबाइलवरचे खेळ बनवायला लागले होते. पुढं क्लास बंद झाला आणि खेळांचंच ऑफिस झालं. सर खेळ रचायचे आणि चित्रं काढायचे, क्लासात शिकलेला अविनाश कॉम्प्युटरवर तो चालता करायचा आणि मी खेळायची. झाडू सुटला. "सुमनबाई जिथं कंटाळल्या, तिथं खेळात खोट आहे," असा सरांनी नियमच केला. लवकर कंटाळण्यापायी मी सासरी लय बोलणी खाल्ली. सरांकडं त्याचीच नोकरी झाली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. हा लेख लिहायचा म्हटल्यावर अविनाश म्हणाला, "मावशी, तुमी सांगा, मी लिहितो." मी म्हणाले, तू लिहिलंस की ते तुझं होईल. तेव्हा शुद्धलेखन त्यानं बघितलं आहे, बोलणं माझं आहे. सरांना साठ वर्षं पूर्ण झाली, त्यासाठी निघणाऱ्या या पुस्तकात सगळे शुभेच्छा देतील, मीही शेवटी देणार आहे. पण त्याआधी माझी एक तक्रार आहे आणि ती चारचौघांत मांडायची म्हणूनच मी लिहायला बसले. सरांनी यंदा हैदराबादच्या मेळ्याला येणार नाही असं सांगितलं आहे.

हा मेळा म्हणजे काय, ते आधी सांगायला पाहिजे. खेळ खेळणारे आणि खेळ बनवणारे वर्षातून एकदा तिथं जमतात. हॉल एवढा मोठा की या टोकाला हरवलेलं माणूस त्या टोकाला सापडत नाही. पोरंपोरी खेळातल्या माणसांसारखे कपडे करून येतात, कुणी तलवार घेऊन, कुणी शेपूट लावून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, ही सगळी घरून सांगून आलीत का?

पण सरांना तिथं काय आवडायचं, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. परभणीत सरांना कुणीही गाठून विचारतं, "सर, खेळाचं ठीक हाय, पण काम काय करता?" लग्नात विचारतात, बँकेत विचारतात. एकदा मयतीला गेलो होतो, तिथंसुद्धा विचारलं. सर दर वेळी शांतपणे समजावून सांगायचे आणि समोरचा माणूस मान हलवून म्हणायचा, "मंजे पोरांच्या डोळ्याचं वाटोळं." मेळ्याच्या दारातून आत गेलं की हा प्रश्न संपायचा. तिथं सगळ्यांचा तोच धंदा. तिथले लोक सरांना विचारायचे, "तुमच्या त्या खेळातल्या म्हाताऱ्याची पिशवी एवढी हलती कशी दाखवली हो?" सर असे खुलायचे की चहा गार व्हायचा.

हैदराबादचे रहमतभाई दर वर्षी तिथं भेटायचे. तेही आमच्यासारखे चार माणसांत खेळ बनवणारे. वर्षभर दोघं फोनवर रडायचे, मेळ्यात समोरासमोर आले की भांडायचे. बिर्याणीच्या ताटावर दोघांची वादावादी चालायची, पहिला डाव सोपा असावा का अवघड. रहमतभाई म्हणायचे, "क्या सर, पब्लिक कू पहिलेच रुलाते क्या?" आणि सर म्हणायचे, "रुलाता न्हाई, रहमतभाई, थांबवतो." दोघांनी एकमेकांचं कधी ऐकलं नाही आणि एक वर्ष चुकवलं नाही.

सर पहिल्या मेळ्याला गेले ते जीपचा खेळ घेऊन. देवगाव फाट्यावरून सेलूमार्गे पाथरीला जाणाऱ्या काळी-पिवळीत माणसं बसवायची, एवढाच खेळ. फाट्यावर प्रवासी उभे असतात. कोंबडी घेतलेली आजी, उसाची मोळी घेतलेला गडी, लग्नाला निघालेल्या चारजणी, पाथरीला जाणारा म्हातारा. जवळ उतरणाऱ्याला दाराजवळ बसवायचं, लांबच्याला आत. चुकलं की प्रत्येक थांब्याला सगळी जीप रिकामी करावी लागते आणि लोक कटकट करतात. जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि लय उशीर झाला की आतून एक बाई ओरडते, "आता निघतो का उतरू?" तो आवाज माझा आहे. सरांनी तो मुद्दाम काढून घेतला नव्हता. मी अविनाशवर ओरडत होते, सरांनी हळूच बटण दाबलं.

सर स्वतः देवगाव फाट्याजवळच्या गावचे. कॉलेजला जाताना त्यांनी त्या जीपमध्ये जेवढे तास काढले, तेवढे वर्गात काढले नसतील. म्हणून त्यांचा त्या खेळावर जीव. ऑफिसात पैशाची ओढाताण होती. मेळ्याला निघताना सर आम्हाला म्हणाले होते, "लोकांनी हा पाथरीपर्यंत खेळला तर आपण पुढं चालू ठेवू. न्हाईतर मी परत क्लास काढतो."

मेळ्यात सरांचा एक दंडक होता. आपला खेळ कुणी खेळत असलं की त्याच्या मागं उभं राहायचं. आपण कोण ते सांगायचं नाही, तोंड उघडायचं नाही, फक्त हात कुठं अडतो ते बघायचं. गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा सर शर्टाच्या आत घालायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभे. रहमतभाई येता-जाता म्हणायचे, "सुबू से खडेच हैं? बैठो ना सर!" सर बसायचे नाहीत. ओळख न देता आपल्या खेळात रमलेला माणूस बघणं, यासारखं सुख नाही असं ते म्हणायचे. त्या माणसाला वाटतं आपण एकटेच आहोत, आणि आपण त्याच्या मागं उभे असतो.

हा दंडक पहिल्याच दिवशी मोडला तो मी. जो तो सेलूच्या अलीकडंच खेळ टाकून उठत होता. दुपारी एक कॉलेजची पोरगी बसली. तिनं पाथरीच्या म्हाताऱ्याला दाराशी बसवलं. पहिल्या थांब्यावर जीप रिकामी. परत दाराशी. परत रिकामी. माझ्यानं राहवलं नाही.

"अगं बाई, त्या म्हाताऱ्याला आत सरकव की! त्याला शेवटपर्यंत जायचंय!"

सगळी रांग हसायला लागली. पोरगी वळून बघायला लागली आणि म्हणाली, "आंटी, जीप में जो चिल्लाती, वो आपच हैं क्या?" मग तर सगळ्यांनी माझ्यासोबत फोटो काढले. मला वाटलं, झालं, आपण जिंकलो.

सरांनी मला बाजूला घेतलं. ते चिडले नव्हते, चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "सुमनबाई, ती पोरगी चुकत नव्हती. म्हाताऱ्याला लांब जायचंय हे तिला दिसतंय कुठं? तुमी सांगितलं म्हणून तिला कळलं. आता प्रत्येक मोबाइलमागं तुमाला कुठून उभं करू?"

मी कान पकडले. माझ्या ओळखीच्यांना हे खरं वाटणार नाही.

रात्री गाडीत सर खिडकीशी बसले होते. परत क्लासची पाटी लावायचा विचार चालला असणार, हे मला चेहऱ्यावरून कळत होतं. मग एकदम त्यांनी विचारलं, "सुमनबाई, आपल्याकडं जीपमधला लांबचा माणूस कसा ओळखू येतो?"

मी म्हणाले, "त्यात काय ओळखायचं? चपला काढतंय की. जवळ उतरणारा चपलेत पाय ठेवूनच बसतो. लांबचा माणूस आधी चपला काढून बाकाखाली सारतो, पाय वर घेतो, मग बोलायला लागतो."

सरांनी वही काढली. परभणी येईपर्यंत ते चपला काढलेल्या पायांची चित्रं काढत होते.

पुढच्या मेळ्याला प्रत्येक लांबच्या प्रवाशानं चपला काढल्या होत्या. कुठंही एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. आम्ही मागं उभे होतो, मी तोंडाला पदर लावून. एक मुलगा बसला, दोन वेळा चुकला, मग त्याचा हात हवेत थांबला. त्यानं चपलांकडं बघितलं. म्हाताऱ्याला उचललं आणि आतल्या कोपऱ्यात नेऊन बसवलं. सरांनी माझं मनगट एवढं घट्ट धरलं होतं की बांगडी पिचली. तो मुलगा पाथरीला पोचला. त्याच्यामागचाही पोचला. क्लास परत निघाला नाही.

तिसऱ्या वर्षी एक पोरगी नऊवारी नेसून, काखेत कापडाची कोंबडी घेऊन आली. आमच्या खेळातली आजी! एवढ्या तलवारी आणि शेपट्यांमध्ये आमची फाट्यावरची आजी चालत आली. सर तिच्या मागं मागं अख्खा हॉल फिरले, पण पुढं होऊन बोलले नाहीत. मी म्हणाले, "सर, सांगा की तिला." तर म्हणाले, "कशाला? आजीला कुठं माहीत असतं तिला कुणी काढलं?"

सरांचा मोठेपणा सांगायचा तर आणखी एकच सांगते. एका वर्षी मेळ्याच्या दारात ओळखपत्रं वाटणाऱ्या पोरानं माझ्याकडं बघून विचारलं, "आंटी, आप किसके साथ आये?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर म्हणाले, "वो किसी के साथ नहीं आये. हम सब उनके साथ आये हैं." आणि त्या पोराकडून माझ्या ओळखपत्रावर 'खेळ तपासनीस' असं लिहून घेतलं. ते ओळखपत्र आमच्या देवघराशेजारी खिळ्याला आहे. सुना म्हणतात काढा आता. काढत नसते.

मग गेलं वर्ष आलं. सरांचे गुडघे आधीच कुरकुरत होते. दुपारपर्यंत ते कसेबसे उभे राहिले, नंतर पाय थरथरायला लागले. अविनाश पळत जाऊन खुर्ची घेऊन आला. सर बसले आणि पाच मिनिटांत सगळा घोटाळा झाला. खेळणारे मागं वळून बघायला लागले. खुर्चीत बसलेला पांढऱ्या केसांचा माणूस म्हणजे कुणीतरी मोठा, असं त्यांना वाटलं. पोरं अदबीनं खेळायला लागली. चुकली की सरांकडं बघून जीभ चावायची. येताना गाडीत सर म्हणाले, "खुर्चीत बसलं की माणूस पाहुणा होतो. मला पाहुणा म्हणून जायचं न्हाई. आता तुमीच जात जा."

सरांचं म्हणणं मी कधी उडवून लावत नाही. पण हे मला पटलं नाही, आणि मला पटलं नाही की खेळात खोट आहे, हा नियम सरांचाच.

तेव्हा सर, आम्ही काय केलं ते आता ऐका. हे तुम्हाला अजून माहीत नाही, पुस्तक हातात पडेल तेव्हाच कळणार आहे. भंगारात निघालेल्या एका काळी-पिवळीची मागची दोन्ही बाकडी अविनाशनं शोधून आणली. फाटलेलं रेक्झिन मी शिवलं. यंदा मेळ्यात टेबल-खुर्ची नाही, तीच बाकडी समोरासमोर मांडायची. खेळणारे एका बाकावर बसतील, मोबाइल हातात घेऊन. समोरच्या बाकावर चार-दोन माणसं नुसती बसलेली असतील, जीपमध्ये असतात तशी. जीपमध्ये समोर कोण बसलंय याची कुणी चौकशी करतं का? तुम्ही कोपऱ्यात बसायचं. तुम्हाला कुणी ओळखणार नाही, कुणी अदब धरणार नाही. आणि इतकी वर्षं मागून तुम्ही त्यांचे हातच बघितले. आता पाथरी आल्यावर त्यांचं तोंड कसं होतं तेही बघा.

रहमतभाईंना मी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "उनके बाजू की सीट मेरी. झगडा वहींच करेंगे."

आता शुभेच्छा. सरांचे गुडघे सुधारोत, डोळे असेच तीक्ष्ण राहोत, खिशातली वही भरली की नवी येवो, आणि सरांना भरपूर, निरोगी आयुष्य लाभो, एवढंच मी देवाकडं मागते. पण देवाकडं मागून मी वाट बघत बसणारी बाई नाही, हे सर जाणतात.

सर, बाकडी तयार हायेत. सगळी माणसं चढलीत, एक कोपराच तेवढा रिकामा हाय आणि तो भरल्याशिवाय आपली जीप निघत न्हाई. या, आत सरका. आणि बसताना चपला काढा. तुमाला लांब जायचंय.

— सुमन ढगे, खेळ तपासनीस