न कोमेजणाऱ्या फुलाचा दुकानदार

दफनभूमीच्या फाटकासमोर पुष्पचक्रांचं दुकान असलेल्या या गृहस्थाला सगळा रस्ता 'पंडित' म्हणायचा, आणि ते ऐकून त्याच्या बायकोला दर वेळी हसू फुटायचं. पंडिताची विद्या एका शब्दाची. राजगिऱ्याचे लालभडक तुरे तारेवर बांधायचे आणि गिऱ्हाइकाचे डोळे रडून सुजलेले का असेनात, त्याला व्याख्यान झोडायचं. "राजगिरा म्हणू नका हो, ते धान्यवाल्याचं नाव. ग्रीक भाषेत हा अमॅरँथ. अर्थ काय, तर कधीही न कोमेजणारं!"

न कोमेजणारं, म्हणून हा पठ्ठ्या आठव्या दिवशी पिशवी घेऊन दफनभूमीत जायचा आणि वाहिलेली चक्रं उचलून आणायचा. धूळ झटकली, फीत बदलली, की माल पुन्हा दुकानात. तीस वर्षं हेच. मागच्या खोलीत तुरे बांधत बसणाऱ्या त्याच्या म्हाताऱ्या आईला सगळं ठाऊक होतं. शेवटच्या दुखण्यात तिने त्याचा हात धरून एवढंच मागितलं, "बाळा, माझी फुलं तेवढी उचलू नकोस रे."

त्याने शपथ घेतली. बायकोचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. आठव्या दिवशी ती स्वतः सासूबाईंच्या कबरीपाशी जाऊन बघून आली. चक्र जागेवर होतं. दहाव्या दिवशीही होतं. तिला नवऱ्याबद्दल चक्क बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचा रागही आला.

महिन्याभराने पंडित तणतणत दुकानात आला. "त्या तुरेवाल्याने टोपी घातली मला! आईचं चक्र पार काळं पडलंय. बी चिमण्यांनी खाल्लं, देठं कुजली. बनावट माल!"

"अहो, माल तोच आहे," बायको म्हणाली. "तीस वर्षांत एक तरी चक्र महिनाभर जागेवर राहू दिलंत का? कोमेजतं की नाही, हे तुम्हाला कळणार कुठून!"

पंडिताने पायात चपला सरकवल्या. बायकोला वाटलं, आज याला आईची आठवण झाली. तिने आपणहून दुकानातलं सगळ्यात भरगच्च चक्र काढून त्याच्या हातात दिलं.

तासाभराने तो परतला. एका हातात नवं चक्र तसंच, दुसऱ्या हातात जुन्याची उघडी तारेची कडी. बायकोला त्याची शिसारी आली.

"हे तिथे ठेवलं असतं तर हेही कोमेजलं असतं," कडीवरची माती पुसत तो म्हणाला. "आणि आई फुलांबद्दल म्हणाली होती. तारेचं ती काही बोलली नव्हती."