जावेचं वॉशिंग मशीन

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला शेवंतीचा हार हातात घेतला, की मला बंगळूरच्या मल्लेश्वरममधलं जावेचं न्हाणीघर आठवतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. धाकट्या जावेने, सुमनने, वॉशिंग मशीन घेतलं होतं आणि त्याच्या पूजेला आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. पांढऱ्याशुभ्र झाकणावर कुंकवाची बोटं, वर पिवळाधमक हार. सासूबाई कौतुकाने त्यावरून हात फिरवत होत्या आणि माझा नुसता जळफळाट होत होता.

“चालवून दाखव की,” मी म्हटलं.

“आज नाही चालवायचं, अक्का. पूजेला बसलंय ते,” सुमन हसली.

मग तिने मला कुंकू लावलं. तिचं बोट कपाळाला खरखरीत लागलं, अगदी माझ्या बोटांसारखं. मशीनमागे भिजवलेल्या कपड्यांची बादली दिसली. नळाला पाणी दिवसाआड, तेही करंगळीएवढं. मशीन चालणार कशावर? घरी जाताना बसमध्ये मी एकटीच हसत होते. त्या खरखरीत बोटाचं वाईट वाटायला मला इतकी वर्षं लागली.

पुढच्या आयुधपूजेला मीही मशीन घेतलं, तिच्यापेक्षा मोठं. आमच्या नळाचीही तीच गत होती. सुमनने झाकणावरून हात फिरवला, माझ्या बोटांकडे पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, “चालवून दाखवा की, अक्का.”