मिरची किती लाल?

"ताई, तुम्ही आमच्या मिरचीत रंग टाकलाय."

फोनवर बोरस्ते दादा होते. सिन्नर रोडला त्यांची मसाल्याची कंपनी आहे. सकाळीच मी त्यांना त्यांच्या जाहिरातीची फायनल फिल्म पाठवली होती आणि कौतुकाच्या फोनची वाट बघत होते.

"दादा, मी कलरिस्ट आहे. रंग टाकत नाही, जुळवते."

"जुळवला म्हणा नायतर टाकला म्हणा. लाल भडक दिसतीय. आमचा माल असा नाय."

त्यांनी फोन ठेवला आणि लगेच वहिनींचा आला. वहिनी म्हणजे त्यांच्या मिसेस. कंपनी दादांच्या नावावर चालते, पण मसाल्याचं प्रमाण वहिनींच्या हातात असतं.

"अगं मृदुला, ही काय विटांची पूड दाखवलीस? मिरची कुठंय त्यात?"

नवरा-बायको एकाच इमारतीत, वरच्या-खालच्या मजल्यावर बसतात. दोघांना मी एकच फाइल पाठवली होती.

माझं काम थोडक्यात सांगते. कॅमेऱ्यातून येणारं शूटिंग मुद्दाम फिकट, करडं ठेवलेलं असतं. नंतर त्यात माणसाची त्वचा, कपडे, आकाश, आणि या बाबतीत मिरची, यांचे रंग नीट बसवायचे. याला ग्रेडिंग म्हणतात. नाशिकमध्ये हे काम सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे फोटोशॉप का?" मी आता "हो" म्हणून मोकळी होते.

एरवी एखादा रंग उन्नीस-बीस झाला तर फार बिघडत नाही. इथे बिघडणार होतं. मागच्या सीझनला बाजारात कुणीतरी उठवलं होतं की बोरस्त्यांच्या तिखटात रंग असतो. ते विरतंय तोवर दुसरा मेसेज फिरला, की रंग नाही, विटांची पूड असते. त्याला उत्तर म्हणून ही जाहिरात होती. 'रंग नाही, भेसळ नाही' हे तिचं शेवटचं वाक्य. आणि आता माझ्याच फिल्ममध्ये दादांना रंग दिसत होता, वहिनींना वीट. चार दिवसांवर डीलर्स मीट होती. फिल्म तिथे पहिल्यांदा लागणार होती.

मी नीलेशला फोन केला. जाहिरात त्याने शूट केली होती. तो डायरेक्टर, गंगापूर रोडला त्याचं छोटं प्रॉडक्शन हाऊस आहे, माझी बरीच कामं त्याच्याकडूनच येतात.

"ताई, सोपं आहे," तो म्हणाला. "थोडं कमी लाल कर आणि थोडं जास्त."

"दोन्ही एकदम?"

"मधलं काहीतरी गं."

मधलं काही करण्याआधी मी माझा मॉनिटर तपासला. आमच्या धंद्यात मॉनिटर म्हणजे तराजू. तोच खोटा असेल तर पुढचं सगळं माप खोटं. त्यासाठी माझ्याकडे प्रोब आहे. मुठीत मावेल एवढं यंत्र, स्क्रीनच्या मध्यभागी टेकवून लटकवायचं. सॉफ्टवेअर स्क्रीनवर एकामागून एक रंगीत चौकोन दाखवतं आणि त्यातून खरोखर किती लाल, किती हिरवा, किती निळा उजेड बाहेर पडतोय ते प्रोब मोजतो. मागितलेला रंग आणि मिळालेला रंग यांतल्या फरकावरून दुरुस्तीची एक फाइल तयार होते. ती लावली की मॉनिटर सरळ वागतो. याला कॅलिब्रेशन म्हणतात. त्याआधी मॉनिटर बराच वेळ चालू ठेवून तापवावा लागतो, कारण थंड मॉनिटर वेगळे रंग दाखवतो.

पांढरा म्हणजे कुठला पांढरा, हेही ठरलेलं असतं. बल्बच्या दुकानात "वॉर्म देऊ का कूल?" असं विचारतात ना, तसं. व्हिडिओसाठी साधारण दिवसाच्या उजेडाचा पांढरा हे प्रमाण.

माझा मॉनिटर प्रमाणात होता. तरी मला धीर नव्हता. एक माणूस तक्रार करतो तेव्हा त्याचा टीव्ही बिघडलेला असतो. दोन माणसं उलटसुलट तक्रार करतात तेव्हा आपल्यालाच ताप आल्यासारखं वाटतं.

मी त्यांच्या ऑफिसला गेले. ऑफिसच्या मागेच कांडप मशीन आहेत. तिथे बोलणं दोन शिंकांच्या मधल्या जागेत उरकावं लागतं. दादांना सवय आहे. मी मात्र "नमस्कार दादा" एवढं तीन हप्त्यांत म्हटलं.

त्यांच्या केबिनमध्ये भिंतभर टीव्ही होता आणि त्यावर माझी मिरची पेटलेली होती. मी रिमोट मागितला. सेटिंगमध्ये पिक्चर मोड 'व्हिव्हिड'. दुकानात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसावा म्हणून हा मोड असतो. त्यात लाल रंगाला आग लागते आणि पांढऱ्याला नीळ. मी मोड बदलून 'सिनेमा' केला.

"अहो, हा बंद पडायला लागला काय?" दादा उठून उभेच राहिले.

"नाही. आता बरोबर दिसतोय."

"कावीळ झाल्यासारखा पिवळा पडलाय की!"

डोळा व्हिव्हिडला सरावलेला असतो. मग बरोबर रंग त्याला आजारी वाटतात. मी हे समजावून सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं आणि रिमोट माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

वर वहिनींकडे गेले. त्यांच्या फोनवर काळसर प्रायव्हसी ग्लास, ब्राइटनेस तळाला, आणि डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळा करणारं सेटिंग कायमचं चालू.

"सुनेनं लावून दिलंय," वहिनी म्हणाल्या. "घरातल्या सगळ्यांच्या फोनला."

म्हणजे त्या घरात कोणालाच बऱ्याच दिवसांत खरा रंग दिसलेला नव्हता. मी हे जिन्यात थांबून दोघांना एकदमच सांगितलं. एक पडदा रंग चढवतो, दुसरा उतरवतो, म्हणून दोघांच्या तक्रारी उलट्या.

दादांनी नेमका प्रश्न विचारला. "मग खरा पडदा कुणाचा?"

"माझा."

"ते तुम्ही म्हणणारच."

बोलणं खरं होतं. मी म्हटलं, "तर मग माझ्याकडे या. येताना तुमचं तिखट घेऊन या. पडद्यावरचं आणि ताटातलं शेजारी शेजारी ठेवून बघू."

दुसऱ्या दिवशी दोघं आली. नीलेशलाही बोलावलं होतं. माझ्या स्टुडिओच्या भिंती राखाडी आहेत, कारण रंगीत भिंतीचा उजेड डोळ्याला फसवतो. दादांनी चहूकडे बघितलं.

"रंगकाम अर्धवट राहिलं वाटतं."

"हाच रंग आहे दादा."

"कलरच्या कामाची बाई आणि घराला कलर नाय," ते वहिनींना म्हणाले. हळू आवाजात, पण दादांचा हळू आवाज कांडप मशीनच्या शेजारी तयार झालेला आहे.

त्यात त्यांनी झेंडूसारखा केशरी शर्ट घातला होता आणि तो थेट मॉनिटरच्या काचेत दिसत होता. मी त्यांना एक काळी शाल दिली. ती पांघरून ते सत्काराला आल्यासारखे ताठ बसले.

मॉनिटरशेजारी मी एक टेबल लॅम्प ठेवला, त्याच प्रमाणातल्या पांढऱ्या उजेडाचा. वहिनींनी पिशवीतून स्टीलचं ताट काढलं, डबा उघडला, तिखट पसरलं. पडद्यावर मी जाहिरातीतला नेमका तोच शॉट थांबवला. वहिनींचा हात ताटात तिखट सोडतोय. शूटिंगला हात त्यांचाच घेतला होता, ताटही हेच होतं.

"वहिनी, हात जरा ताटाजवळ धरा."

त्यांनी धरला. पडद्यावरचा हात आणि खरा हात, त्वचा सारखी. हातातल्या हिरव्या बांगड्या, त्यांचा हिरवाही सारखा. स्टीलची चकाकी सारखी. मला बरं वाटायला लागलं होतं.

मग मी तिखटाकडे बघितलं. ताटातलं तिखट लाल होतं, पण किंचित नारिंगीकडे झुकणारं. पडद्यावरचं गुलाबीकडे झुकत होतं. थोडंसंच. पण एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

मॉनिटर खोटं बोलत असता तर बांगड्यांबद्दलही बोलला असता. माझी ग्रेडिंग चुकली असती तर हाताचा रंगही बिघडला असता. सगळं जुळत होतं आणि ज्याची जाहिरात होती तेवढीच एक वस्तू जुळत नव्हती. मी ग्रेडिंग करताना हाताचा रंग धरून सगळं बसवलं होतं. तिखट प्रत्यक्षात मी आत्ता पहिल्यांदा बघत होते.

"दादा," मी म्हटलं, "शूटिंगला तिखट तुमचंच होतं ना?"

"म्हणजे काय! मी स्वतः पोतं पाठवलं."

वहिनी पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. चष्मा वर केला, खाली केला.

"हे कुंकू आहे," त्या म्हणाल्या.

नीलेशला त्याच क्षणी मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं सापडलं.

"नीलेश," मी म्हटलं.

"हं?"

"तिखटात काय घातलं होतं?"

"घातलं असं नाही..." त्याने फोन उलटा ठेवला. "शूटिंगला पदार्थ सजवणारी, फूड स्टायलिस्ट, म्हणाली, कॅमेऱ्यात ढीग मातकट दिसतोय. मग वहिनी यायच्या आधीच तिने थोडंसं... पूजेच्या सामानातलं होतं सेटवर. अगदी चमचाभर, ताई. लाइटच्या झोतात वहिनींनाही कळलं नाही. कॅमेऱ्यापुरतं. ते तिखट कोणी खाल्लं नाही!"

'रंग नाही, भेसळ नाही' असं सांगणाऱ्या जाहिरातीत आम्ही तिखटात कुंकू मिसळलं होतं.

दादांनी शाल काढून खुर्चीवर टाकली. "लोक खोटं उठवीत होते, ते तुम्ही खरं करून दाखवलं! उद्या त्या सेटवरच्या कुणी तोंड उघडलं तर मी काय सांगू?"

वहिनी ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "नीलेश, तुझ्याकडे आमटीला कुंकवाची फोडणी देतात का रे?"

नीलेश लाल झाला. कुठल्याही मोडमध्ये दिसला असता एवढा.

"मॅडम, तुम्ही कॉम्प्युटरवर बदला," दादा माझ्याकडे वळले. रागात मी ताईची मॅडम झाले होते. "तेवढं गुलाबी काढा."

काढता आलं असतं. फक्त तेवढा रंग निवडून नारिंगीकडे ढकलायचा, चहा येईपर्यंत होणारं काम. मी तसं सांगितलंही. मला स्वतःला ते पटत होतं, कारण त्यात माझी सुटका होती.

"नको," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे रंगावर आणखी रंग. आपलं तिखट जसं आहे तसं दाखवायचं. मातकट दिसलं तर दिसू दे."

तिखटाच्या बाबतीत दादा वहिनींच्या पुढे जात नाहीत.

मग दुसऱ्या दिवशी कांडपाच्या शेडमध्येच पुन्हा शूटिंग झालं. स्टायलिस्ट नाही, सेट नाही. पत्र्याच्या खिडकीतून येणारा उजेड, एक लाइट आणि ताजं कांडलेलं तिखट. मीही गेले. प्रत्येक शॉटच्या आधी एक राखाडी कार्ड कॅमेऱ्यासमोर धरत होते, म्हणजे नंतर पांढरा-काळा कुठून मोजायचा ते पक्कं राहतं. वहिनींचा हात एकदाही हलला नाही. नीलेश मात्र कॅमेऱ्यामागे शिंकत होता. बरेच चांगले शॉट त्याच्या नाकाने घालवले. फायनलमध्ये एक हिसका राहिलाच आहे. पाहणाऱ्यांना ती स्टाइल वाटते.

या वेळी मी ताट शेजारी ठेवूनच ग्रेडिंग केली. मातकट अजिबात दिसलं नाही. आधीच्या ढिगावर लाइटच चुकीच्या बाजूने मारला असणार, पण ते मी नीलेशला बोलले नाही. त्याला त्या आठवड्यापुरतं पुष्कळ झालं होतं.

डीलर्स मीट देवळाली कॅम्पच्या एका हॉलमध्ये होती. स्टेजवर भाड्याची एलईडी वॉल, तिचा ब्राइटनेस पूर्ण. मी ऑपरेटरला म्हटलं, जरा कमी करा.

"मॅडम, पब्लिकला ब्राइट लागतं."

"पब्लिकला मिरची ओळखू यायला लागते."

बरीच हुज्जत घालून मी ब्राइटनेस निम्म्यावर आणला आणि पांढऱ्यातली नीळ काढायला लावली. अख्खी भिंत कॅलिब्रेट करणं माझ्या प्रोबच्या ताकदीबाहेरचं होतं. पण वहिनींनी माझ्यापेक्षा सोपा उपाय केला होता. प्रत्येक टेबलावर तिखटाची एक वाटी. फिल्म लागली तशी माणसं एकदा भिंतीकडे, एकदा वाटीकडे बघायला लागली. मी मागे उभी राहून त्यांच्या माना मोजत होते.

दिवे लागले. मालेगावहून आलेल्या एका डीलरने चिमूट उचलली, निरखली आणि जिभेवर टाकली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"रंगनं माले काय समजस नही," तो पाण्याचा ग्लास शोधत म्हणाला, "पन भलती तिखट शे!"

हॉल हसला. दादाही हसले, आणि जेवताना त्यांनी मला पुन्हा ताई म्हटलं. नीलेशला त्यांनी पुढच्या जाहिरातीचं काम दिलं, पण सेटवर पूजा करायची नाही या अटीवर.

अफवा कायमची थांबली की नाही, मला माहीत नाही. मी मात्र एक शिकले. चांगला मॉनिटर समोर ठेवलेल्या वस्तूचा खरा रंग दाखवतो. ती वस्तू खरी आहे का, हे आपण तोंडाने विचारायचं असतं.

म्हणून आता जाहिरात कसलीही असो, मी पहिल्याच दिवशी मूळ वस्तू मागवून घेते. गेल्या महिन्यात एक पेढेवाले आले. मी कारण समजावून सांगितलं, तसे ते मोठा बॉक्स भरून पेढे ठेवून गेले. रंग जुळवायला एक पेढा पुरतो. ते मी त्यांना सांगितलं नाही.