बबननं सांगितलेला धबधबा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या एसटीची चौकशी करत होतो. "भाऊजी, हे झोपंतच गेले..." खरं सांगतो, दुःखाआधी मला संतापच आला. यंदा धबधबा बघायचाच, अशी माझ्या दोस्तानं, बबननं, चारच दिवसांपूर्वी माझ्या गळ्याला हात लावून शपथ घेतली होती! महिना झाला, राग काही उतरत नाही.

आमचं काष्टी इतकं सपाट की उसाच्या ट्रॉलीवर चढलं तरी हवा पालटते. म्हणून दर पावसाळ्यात आम्ही दोघं अकोले तालुक्यातल्या डोंगरांकडं निघायचो. जीपनं शेवटच्या वाडीपर्यंत, तिथून रानातली पायवाट, की तासाभरात धबधबा. असं लोक म्हणायचे. आम्ही मात्र कधी पोचलोच नाही, कारण बबन पडला बैलबाजारातला दलाल. वाडीत गोठा दिसला की हा बैलाच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घालून दात बघणार, पाठीवरचे केसांचे भोवरे तपासणार, मालकाचा चहा पिणार.

"आरं बबन्या, धबधबा!"

"धबधबा काय पळून चाललाय व्हय? ह्यो खोंड उद्या इकला जाईल!"

तोवर धुकं उतरायचं, परतीची जीप हॉर्न मारायची. आणि घरी आल्यावर हाच गडी वहिनींना सांगायचा, "लई उंच गं! सकाळी वरून सुटल्यालं पानी दुपारी खाली पोचतं." वर माझ्याकडं बघायचा. मी बापडा मान हलवायचो.

गेल्या वर्षी नवल घडलं. एकाही गोठ्याकडं न बघता बबन सरळ रानात शिरला. करवंदीच्या जाळ्या ओलांडल्या, पाण्याचा आवाज कानावर आला, आणि हा छातीला हात लावून दगडावर बसला.

"तू जा म्होरं. बघून ये अन् मला सांग."

"सांगतो कशाला? ऊठ!"

त्याला उठवेना. शिव्या घालत, खांद्याचा आधार देत मी त्याला खाली आणलं. वाटेतसुद्धा बजावत होता, "घरी काय बोलू नको हां..."

दहावा झाल्यावर मी एकटाच जाऊन आलो. धबधबा बघितला. दोन घागरी एकदम उपड्या कराव्यात, तेवढाच. माझ्यासारख्या थापाड्यालासुद्धा तो फुगवून सांगता येईल असं वाटेना.

काष्टीत उतरलो तो थेट वहिनींकडं गेलो. मी कुठं जाऊन आलो ते त्यांना ठाऊक होतं; त्या दारातच बसल्या होत्या.

"भाऊजी, हे सांगायचे तसाच हाय का वो त्यो?"

जिवंतपणी मान हलवायला लावली, मेल्यावर तोंड उघडायला लावलं गाढवानं.

"त्याहून मोठा, वहिनी. बबन्या कमीच सांगायचा."

त्या उंबऱ्यावरून उठल्या. मग आत गेल्या आणि बबनचे कॅनव्हासचे बूट घेऊन आल्या. अजून चिखल होता त्यांना. पुढच्या टोकात फडक्याचे बोळे कोंबले, पाय घातले, अंगणात एक फेरी मारली.

"बसत्यात," म्हणाल्या. "कधी निघायचं?"