भिंतीवरचे दोन ठोके

नेस्ताच्या आणि डिलिसच्या घरात एकच भिंत. संध्याकाळी आठला वेल्श मालिका लागली की दोघी आपापल्या घरात बसून बघायच्या, आणि चुलीची लोखंडी सळई हाताशी ठेवायच्या. भिंतीवर एक ठोका म्हणजे "बघितलंस का गं?" दोन ठोके म्हणजे "चहा टाकलाय, ये." मालिकेतलं गाव आमच्यासारखंच, डोंगराच्या कुशीतलं. कुणाचं कुंपण हातभर सरकलं, कुणाचा नवरा कुठे दिसला, याच्यावरच तिचं पोट चालतं. अशी चाळीस वर्षं गेली. नवरे गेले, पाटीच्या दगडाची खाण बंद पडली. ठोके काही थांबले नाहीत.

थांबले ते मार्चातल्या एका मंगळवारी.

त्या दिवशी मालिकेतल्या पोरीला कळलं, की जिला ती थोरली बहीण म्हणत होती तीच तिची आई. आणि आई म्हणत होती ती आजी. नेस्ताच्या हातातला कप तसाच राहिला. ही तर तिचीच गोष्ट! एनिड तिची बहीण नव्हे, आई. लग्नाच्या वेळी जन्माचा दाखला काढला तेव्हा तिला ते कळलं होतं, आणि साऱ्या जन्मात तिने ते एकाच माणसाला सांगितलं होतं. डिलिसला. शेवटी पडद्यावर नावं सरकली, त्यात लेखक कोण? इफान, डिलिसचा भाचा!

पलीकडून एक ठोका आला. मग दोन. नेस्ता उठली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने डिलिसची ॲपल-पाय भाजायची थाळी धुऊन कुंपणावर ठेवली. रिकामी. चाळीस वर्षांत ती थाळी कधी रिकामी गेली नव्हती.

"काय गं, भिंत बहिरी झाली का तुझी?" कपडे वाळत घालताना डिलिसने विचारलं.

"भिंत बरी आहे. तुझी जीभ तेवढी लांब झालीय. पार कार्डिफला, मालिकावाल्यांपर्यंत पोचली."

"म्हणजे?"

"भाच्याला विचार."

डिलिसचा चेहरा पडला. "माझ्या सख्ख्या नवऱ्याला बोलले नाही मी, नेस्ता." एवढंच म्हणून ती थाळी घेऊन आत गेली. नेस्ताला ते खरं वाटलं नाही. रात्री उशीवर थोडं वाटलं, सकाळी पुन्हा नाही.

तीन आठवडे असे गेले. मग चॅपलात पेटी वाजवणारे टुडुर वारले. अंत्यविधीनंतरचा चहा गल्लीगल्लीने पाळीवर असतो, आणि पाळी नेमकी यांच्या गल्लीची. पाळी चुकवायची म्हणजे मेलेल्याचा अपमान. म्हणून चॅपलाच्या मागच्या खोलीत एकाच टेबलाशी डिलिस हॅम कापत होती आणि नेस्ता ब्रेडला लोणी लावत होती. मधे बसल्या होत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या पॅरीबाई.

"पॅरीबाई, तिला म्हणावं काप जाड होतायत."

"पॅरीबाई, तिला म्हणावं लोणी पातळ लागतंय."

"मी काय पोस्ट आहे?" पॅरीबाईंनी 'बारा ब्रिथ' नावाचा मनुकांचा पाव कापता कापता सुरी आपटली. "आधीच माझं डोकं फिरलंय. त्या मालिकावाल्यांना पत्र लिहिणार आहे मी. माझ्या मेगनआत्याची गोष्ट जशीच्या तशी उचलली मेल्यांनी! आत्या कसली, आजी होती ती माझी."

कोपऱ्यात कप पुसणारी दोन नंबरच्या घरातली हेफिना थबकली. "तुमची? मला वाटलं, आमच्या सासरची. नणंदेनेच फोडलं म्हणून मी तिला ईस्टरला जेवायला बोलावलं नाही!"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. 

नेस्ताने डिलिसकडे पाहिलं. एवढं सगळं उघडउघड चाललेलं, 'नेस्ताही मलाच दोष देतेय' एवढं बोलली असती तरी डिलिसची सुटका होती. पण ती मान खाली घालून हॅम कापत होती.

"नेस्ता, तुमच्याकडे नाही ना असलं काही?" हेफिनाने विचारलं.

"तिच्याकडे काय असणार?" डिलिस झटकन म्हणाली. "लोणी संपत आलंय, ते बघा आधी."

 नेस्ताने सुरी खाली ठेवली.

"आहे ना," ती म्हणाली. "आमची एनिड. बहीण नव्हती ती. आई होती माझी."

उभ्या आयुष्यात हे शब्द तिने चारचौघांत पहिल्यांदा उच्चारले. आता छत कोसळणार, असं तिला वाटलं.

"ते माहीत आहे गं," पॅरीबाई म्हणाल्या. "सतरा वर्षांची होते मी तेव्हा. साऱ्या गावाला माहीत होतं. तू हात चालव, लोक यायला लागले."

"आणि मी वेडी!" डिलिस फणकारली. "चाळीस वर्षं पोटात धरून बसले. पोट दुखलं माझं!"

नेस्ता हसली, आणि हसता हसता तिने ॲप्रनने डोळे पुसले. मग लोणी लावलेले ब्रेड पॅरीबाईंच्या हाती न देता तिने स्वतःच डिलिसकडे सरकवले.

घरोघरी मातीच्या चुली. आमच्याकडे लोखंडी, एवढाच काय तो फरक. त्या संध्याकाळी मालिका लागायच्या आधीच नेस्ताने सळई उचलली आणि भिंतीवर दोन ठोके दिले. डिलिस आली ती तीच थाळी घेऊन. वर फडकं होतं, आणि फडक्याखालून वाफ येत होती.